गर्भाचे घड्याळ: प्रत्येक प्राण्याचा गर्भ आपल्याच गतीने का वाढतो?

पाळी चुकून दहा दिवस झालेले असतात. घरी केलेल्या तपासणीत दोन रेघा आलेल्या असतात. तुम्ही सोनोग्राफी करून घेता आणि रिपोर्टमध्ये लिहिलेले असते: गर्भपिशवीत थैली दिसते, ठोके अजून दिसत नाहीत. डॉक्टर म्हणतात, "आठ-दहा दिवसांनी परत या." ते दिवस कसे जातात, हे ज्यांनी काढले त्यांनाच ठाऊक. घरात प्रश्न सुरू होतात. काही चुकले का? खाण्यात काही आले का? एखादे औषध घेऊन वाढ लवकर होईल का?

अनेकदा अशा वेळी काहीही बिघडलेले नसते. गर्भ त्याच्या वेळेवर असतो, तपासणी लवकर झालेली असते. गर्भाच्या वाढीचा वेग कोण ठरवते, कोंबडी, उंदीर, गाय आणि माणूस यांच्यात तो वेगळा का असतो, आणि या माहितीचा गर्भवती स्त्रीला व मूल हवे असलेल्या जोडप्याला काय उपयोग, हे या लेखात पाहू.

आधी दिवस मोजण्याची पद्धत समजून घ्या

डॉक्टर गर्भारपणाचे दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. या हिशेबाने नऊ महिने नऊ दिवस, म्हणजे साधारण २८० दिवस होतात. पण पाळी २८ दिवसांची असेल तर गर्भधारणा त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी होते. म्हणजे गर्भाचे खरे वय दोन आठवड्यांनी कमी असते आणि त्याचा पूर्ण काळ सुमारे २६६ दिवसांचा असतो.

'सहा आठवड्यांची गर्भवती' असे लिहिलेले असते तेव्हा आतला गर्भ चार आठवड्यांचा असतो. तुमची पाळी ३५-४० दिवसांनी येत असेल तर स्त्रीबीज उशिरा बाहेर पडते आणि गर्भ त्याहूनही लहान असतो. पुढे या लेखात जेथे 'पाळीपासून' असे म्हटलेले नाही, तेथे गर्भधारणेपासूनचे दिवस समजावेत.

क्रम सारखा, वेग वेगळा

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या गर्भात अवयव तयार होण्याचा ढोबळ क्रम बराचसा सारखा असतो. आधी पेशींचे थर, मग पाठीवरची मज्जानलिका, मणक्यांचे ठोकळे, धडधडणारे हृदय, आणि नंतर हातापायांचे कोंब. फरक असतो तो वेगाचा.

हृदयाचे पहिले ठोके पाहा. झेब्राफिश या छोट्या माशाच्या गर्भात ते सुमारे एका दिवसात सुरू होतात. कोंबडीच्या उबवलेल्या अंड्यात दीड दिवसात, उंदराच्या पिल्लात आठव्या-नवव्या दिवशी, तर माणसाच्या गर्भात साधारण २२व्या दिवशी.

माणसाच्या गर्भाच्या पहिल्या ५६ दिवसांचे शास्त्रज्ञांनी २३ टप्पे पाडले आहेत. यातल्या शेवटच्या टप्प्याला पोहोचायला माणसाला आठ आठवडे लागतात. उंदराचे पिल्लू तेवढीच वाट सुमारे १६ दिवसांत चालते आणि आणखी तीन-चार दिवसांत जन्मालाही येते.

गर्भकाळ किती दिवसांचा, एवढ्यावरून मात्र वेग कळत नाही. सशाचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवस, शेळीचा पाच महिने, म्हशीचा दहा महिने आणि हत्तिणीचा तब्बल २२ महिने असतो. गाईचा आणि माणसाचा गर्भकाळ जवळजवळ सारखा, नऊ महिन्यांचा. पण वासरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभे राहते, आपल्या बाळाला त्यासाठी वर्ष लागते. म्हणजे जन्म कधी व्हायचा हे एक वेळापत्रक आणि आतले अवयव कोणत्या गतीने घडायचे हे दुसरे.

पहिला आठवडा: शिदोरीवर चालणारी वाढ

फलित झालेल्या बीजाकडे सुरुवातीला स्वतःचे फारसे काही नसते. आईने स्त्रीबीजात भरून ठेवलेल्या प्रथिनांवर आणि संदेशांवर त्याचे काम चालते. ही शिदोरी किती आणि ती कशी वापरायची, हे प्रत्येक प्राण्यात वेगळे असते.

फळमाशीच्या अंड्यात सुरुवातीची विभाजने आठ-दहा मिनिटांना एक या वेगाने होतात. बेडकाच्या अंड्यात पहिल्या विभाजनानंतर दर अर्ध्या तासाला एक विभाजन होते. अशी १२ विभाजने झाली की वेग एकदम मंदावतो आणि गर्भाची स्वतःची जनुके जोमाने कामाला लागतात. पेशींची संख्या वाढते तसा जनुकांचा साठा दुप्पट-चौपट होत जातो, पण अंड्यातला द्रव तेवढाच राहतो. या दोहोंचे प्रमाण ठराविक पातळीला पोहोचले की बदल घडतो. म्हणजे येथे वेळ 'मोजली' जाते ती मिनिटांनी नव्हे, तर प्रमाणाने.

माणसात सगळे सावकाश. पहिले विभाजन व्हायलाच सुमारे एक दिवस लागतो. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ. साधारण याच सुमारास गर्भाची स्वतःची जनुके पूर्ण जोमाने चालू होतात. पाचव्या दिवशी पाणी भरलेल्या फुग्यासारखा ब्लास्टोसिस्ट तयार होतो आणि सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान तो गर्भपिशवीत रुजतो.

टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या जोडप्यांना 'तिसऱ्या दिवसाचा' आणि 'पाचव्या दिवसाचा' भ्रूण हे शब्द परिचयाचे असतात. प्रयोगशाळेत तापमान, हवा, पोषक द्रव हे सारे सांभाळले जाते, पण तिसऱ्या दिवसाचा भ्रूण दुसऱ्या दिवशी मिळवता येत नाही. आईच्या शरीराबाहेरही तो आपल्या गतीनेच चालतो. गती त्याच्या आत असते, याचा हा एक साधा पुरावा.

मणक्यांचे घड्याळ

गर्भाच्या पाठीवर मज्जानलिकेच्या दोन्ही बाजूंना छोट्या ठोकळ्यांच्या जोड्या एकामागून एक तयार होतात. त्यांना सोमाइट म्हणतात. त्यांपासूनच पुढे मणके, बरगड्या आणि पाठीचे स्नायू बनतात. हे ठोकळे ठराविक वेळाने, घड्याळाचे टोल पडावेत तसे तयार होतात. झेब्राफिशमध्ये दर अर्ध्या तासाला एक जोडी, कोंबडीत दर दीड तासाला, उंदरात सुमारे दोन तासांनी आणि माणसात सुमारे पाच तासांनी.

फ्रान्समध्ये ऑलिव्हिए पुर्किए यांच्या गटाने १९९७ मध्ये कोंबडीच्या गर्भात या घड्याळाचे जनुक दाखवून दिले. ते दर दीड तासाला चालू होते आणि बंद होते. उंदीर आणि माणूस यांच्यात हे काम मुख्यतः हेस-७ नावाचे जनुक करते.

हे घड्याळ कसे चालते? घरावरच्या पाण्याच्या टाकीतला फ्लोट आठवा. टाकी भरली की फ्लोट वर येऊन नळ बंद करतो. पाणी वापरले गेले की फ्लोट खाली जातो आणि नळ पुन्हा सुरू होतो. हेस-७ जनुकापासून प्रथिन बनते. ते पुरेसे साठले की स्वतःच्याच जनुकाला बंद करते. मग साठलेले प्रथिन हळूहळू मोडीत निघते आणि जनुक पुन्हा चालू होते. प्रथिन बनायला आणि मोडायला जितका वेळ लागतो, तितका एका फेरीचा काळ.

सापाच्या शरीरात तीनशेहून अधिक मणके असतात, त्याचे कारणही येथेच आहे. सापाच्या गर्भात शरीर लांब होण्याच्या वेगाच्या मानाने हे घड्याळ खूप जलद चालते. त्यामुळे लहान लहान आणि पुष्कळ ठोकळे पडतात.

हे घड्याळ बिघडले तर मणके अर्धवट किंवा एकमेकांना चिकटलेले तयार होतात आणि बाळाच्या पाठीला जन्मतःच बाक येऊ शकतो. काही कुटुंबांमध्ये हेस-७ आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या जनुकांतले दोष यामागे सापडले आहेत. जनुकात थोडा दोष असलेल्या उंदरांच्या गर्भाला या काळात काही तास ऑक्सिजन कमी पडला, तर मणक्यांतील दोष वाढतात, असेही प्रयोगांत दिसले आहे.

माणसाचे घड्याळ इतके संथ का?

*तापमानामुळे?* मासे, बेडूक आणि पक्ष्यांची अंडी यांच्याबाबत तापमानाला मोठे महत्त्व आहे. खुडूक कोंबडी अंड्यांवर नीट बसली तर २१ दिवसांत पिल्ले बाहेर येतात, ऊब कमी पडली तर वाढ रेंगाळते किंवा थांबते. पण उंदीर आणि माणूस या दोघांच्याही शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. तरी त्यांच्या वेगात दुपटीहून अधिक फरक आहे.

*आकारामुळे?* हेही खरे नाही. शास्त्रज्ञांनी ससा, गाय, गेंडा, मार्मोसेट माकड अशा अनेक प्राण्यांच्या मूळ पेशींपासून हे घड्याळ प्रयोगशाळेत चालवून पाहिले. गेंडा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, पण त्याचे घड्याळ माणसापेक्षा जलद चालते. घड्याळाचा वेग शरीराच्या वजनाशी नव्हे, तर त्या प्राण्याचा गर्भ घडायला लागणाऱ्या एकूण काळाशी जुळतो.

*जनुक वेगळे असल्यामुळे?* जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माणसाचे हेस-७ जनुक उंदराच्या पेशीत बसवले. ते उंदराच्याच वेगाने चालले. म्हणजे वेग त्या जनुकात लिहिलेला नव्हता, तो पेशीच्या कारभारात होता. माणसाच्या पेशीत तेच प्रथिन सावकाश मोडते आणि जनुक चालू झाल्यापासून प्रथिन तयार होईपर्यंतही जास्त वेळ जातो.

त्याच वर्षी लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधील जेम्स ब्रिस्को यांच्या गटाने स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशींचा अभ्यास मांडला. या पेशी घडायला माणसात उंदराच्या सुमारे अडीचपट वेळ लागतो आणि माणसाच्या पेशींत प्रथिनेही अधिक काळ टिकतात. पुढे २०२३ मध्ये आणखी एक दुवा मिळाला. पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकाँड्रियांच्या कामाचा वेग आणि प्रथिने बनण्याचा वेग यांच्याशी हे घड्याळ बांधलेले आहे. प्रयोगशाळेतील पेशींमध्ये हे रासायनिक संतुलन बदलून घड्याळ थोडे जलद किंवा मंद करता आले. पण हे बशीतल्या पेशींवरचे काम आहे. गर्भवतीसाठी असे कोणतेही औषध नाही.

मेंदूच्या पेशींत ही संथ गती सर्वांत ठळक दिसते. माणसाच्या मेंदूपेशी उंदराच्या मेंदूत बसवल्या तरी त्या उंदराची घाई स्वीकारत नाहीत, पक्व व्हायला महिनोन्महिने घेतात. मोठा आणि दीर्घकाळ शिकत राहणारा मेंदू घडण्याशी या संथपणाचा संबंध असावा, असे मानले जाते.

घड्याळ थांबू शकते, पळवता येत नाही

काही प्राण्यांत गर्भ काही काळ चक्क थांबतो. युरोपातील रो हरणाचे मीलन उन्हाळ्यात होते, पण गर्भ चार-पाच महिने गर्भपिशवीत न रुजता तसाच राहतो. त्यामुळे पाडसे पुढच्या वसंताच्या अखेरीस, चारा भरपूर असताना जन्मतात. पिल्लाला पाजणाऱ्या कांगारूच्या मादीत पुढचा गर्भ थांबून राहतो. पाजत्या उंदरिणीतही असेच घडते.

माणसाच्या गर्भाला असा नैसर्गिक थांबा घेताना कोणी पाहिलेले नाही. पण उणे १९६ अंश सेल्सिअसला द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या भ्रूणाचे घड्याळ पूर्ण थांबते. काही वर्षांनी तो पूर्ववत केला तर वाढ जेथे थांबली होती तेथून पुढे सुरू होते.

वाढीला पुढे ढकलण्याचे एक उदाहरण मात्र रोजच्या वापरात आहे. न्यूझीलंडचे डॉ. ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. वेळेआधी जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसे स्टेरॉइड दिल्यावर अपेक्षेपेक्षा चांगली चालतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी डॉ. रॉस हाउई यांच्यासह स्त्रियांवर चाचणी केली, ती १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. आज २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान वेळेआधी प्रसूतीची शक्यता असेल तर आईला ही इंजेक्शने देतात. त्यांनी अनेक बाळांचे श्वास वाचवले आहेत. पण हा संकटकाळचा उपाय आहे, नऊ महिन्यांना पर्याय नाही.

गर्भाचे वेळापत्रक: पहिले आठ आठवडे

* १ला दिवस: पहिले विभाजन.
* ६ ते १०: गर्भपिशवीत रुजणे.
* १४ च्या आसपास: पाळी चुकते.
* २०: सोमाइटची पहिली जोडी.
* २२: हृदयाची हालचाल सुरू.
* २५ ते २८: मज्जानलिकेची दोन्ही टोके बंद होतात.
* २६ पासून: आधी हातांचे, मग पायांचे कोंब.
* ५६: बहुतेक अवयवांची मूळ रचना तयार. लांबी सुमारे ३ सेंटिमीटर.

या यादीतली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पाळी चुकल्यापासून दोन आठवड्यांत मज्जानलिका बंद झालेली असते. बऱ्याच स्त्रिया दवाखान्यात पहिल्यांदा येतात तोवर ही वेळ निघून गेलेली असते.

वेळेचे हे महत्त्व जगाला थॅलिडोमाइडने कटू रीतीने शिकवले. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले हे औषध गर्भवतींना मळमळीसाठीही दिले गेले आणि १९६१ मध्ये मागे घेतले गेले. तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे व्यंग घेऊन जन्मली होती. गर्भधारणेनंतर साधारण २०व्या ते ३६व्या दिवसांत औषध पोटात गेले तर धोका होता. या काळाच्या सुरुवातीला घेतले तर कान, नंतर हात आणि शेवटी पाय बाधित होत. औषध एकच, पण कोणत्या दिवशी घेतले यावर व्यंग ठरत असे.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

* फॉलिक ॲसिड आधीपासून घ्या. मूल हवे असे ठरवाल तेव्हाच, किमान एक महिना आणि शक्य तर तीन महिने आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा आणि पाळीपासूनचे १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवा. त्यामुळे मज्जानलिका उघडी राहण्याचा धोका कमी होतो. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर मोठा डोस लागतो. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत अशा मातांमध्ये ४ मिलिग्रॅमच्या डोसाने दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले होते. मधुमेह असेल किंवा फिटची औषधे चालू असतील तरी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

* चालू औषधे आधीच दाखवा. फिटवरचे व्हॅल्प्रोएट, मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन, रक्त पातळ करणारे वॉरफरिन ही औषधे गर्भाला घातक ठरू शकतात. पण फिटची किंवा हृदयाची औषधे मनाने बंद करू नका. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ती बदलून घ्या.

* मधुमेह आधी आटोक्यात आणा. पहिल्या आठवड्यांत वाढलेली साखर हृदय आणि पाठीच्या कण्याच्या घडणीत व्यत्यय आणते. शक्य असेल तर एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली आणून मगच गर्भधारणेचे पाहा.

* जोराचा ताप अंगावर काढू नका. उबेने माणसाच्या गर्भाची वाढ जलद होत नाही, उलट सुरुवातीच्या काळात तीव्र ताप मज्जानलिकेला अपायकारक ठरू शकतो.

* तारीख लवकरच्या सोनोग्राफीने ठरवा. पहिल्या तीन महिन्यांत निरोगी गर्भ जवळपास एकाच गतीने वाढतात. म्हणून डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजून वय पाच ते सात दिवसांच्या फरकाने सांगता येते. नंतर प्रत्येक बाळाची वाढ वेगळी होत जाते. त्यामुळे एकदा नीट ठरलेली तारीख पुढच्या सोनोग्राफीवरून बदलायची नसते.

* एका लवकरच्या सोनोग्राफीवरून निर्णय घेऊ नका. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा अधिक असून ठोके नसतील, किंवा थैली सरासरी २५ मिलिमीटर किंवा अधिक असून तीत गर्भ दिसत नसेल, तरच गर्भ वाढत नाही असे म्हणता येते. त्याहून लहान असेल तर किमान सात दिवसांनी पुन्हा पाहावे लागते, कधी दोन आठवडेही थांबावे लागते. तोवर गर्भपाताच्या गोळ्या घेण्याची घाई नको. प्रोजेस्टेरॉन काही ठराविक कारणांसाठी दिले जाते. ते अस्तराला आधार देते, गर्भाची गती वाढवत नाही.

* मुहूर्तासाठी प्रसूती अलीकडे आणू नका. वैद्यकीय कारण नसताना पाळीपासूनचे ३९ आठवडे भरण्याआधी सिझेरियन केले तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. दिलेल्या तारखेलाच बाळंत होणाऱ्या स्त्रिया साधारण वीसांत एक असतात. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे झाली म्हणून घाबरू नका. पण तारीख उलटल्यावर किती थांबायचे, हे डॉक्टरच ठरवतील.

वाट न पाहता डॉक्टरांकडे कधी जावे?

तपासणी 'पॉझिटिव्ह' असताना ओटीपोटात एका बाजूला जोराचे दुखणे, रक्तस्राव, चक्कर किंवा खांद्यात कळ असेल तर लगेच रुग्णालयात जा. गर्भ नळीत रुजलेला असू शकतो आणि नळी फुटली तर जिवाला धोका असतो. "आठ दिवसांनी परत या" हा सल्ला अशा वेळी लागू होत नाही. पुढच्या सोनोग्राफीची वाट पाहत असतानाही यातले काही जाणवले, तर ठरलेल्या तारखेसाठी थांबू नका.

त्रास काही नसेल, फक्त ठोके दिसायचे असतील, तर त्या आठवड्यात गर्भासाठी वेगळे काही करण्याची गरज नाही. विश्रांतीने, विशेष आहाराने किंवा इंजेक्शनाने त्याचा वेग वाढणार नाही. त्याचप्रमाणे तुम्ही जिना चढलात, प्रवास केला किंवा पपईची एखादी फोड खाल्ली म्हणून तो मागे पडला असेही नाही. आणि दुसऱ्या सोनोग्राफीत ठोके दिसलेच नाहीत, तर तोही तुमचा दोष नसतो. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा अधिक वेळा कारण गुणसूत्रांतील चूक असते आणि ती बहुधा अगदी पहिल्या दिवसांतच झालेली असते. फॉलिक ॲसिड चालू ठेवा, घरातल्यांनाही हे समजावून सांगा आणि ठरलेल्या दिवशी तपासणीला जा.